मंत्र्यांची एक सही आणि थांबलेला गुरांचा व्यापार

सरकारने एखादा धंदा अचानक बंद केला की व्यापाऱ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. बंदी किती दिवस राहणार, आणि झालेले नुकसान कोण भरून देणार? जून २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील गुरांच्या व्यापाऱ्यांपुढे हेच दोन प्रश्न आले. तेथील कृषिमंत्री जो लुडविग यांनी ७ जून रोजी एका आदेशावर सही केली आणि इंडोनेशियाला जाणाऱ्या जिवंत गुरांची निर्यात बंद झाली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर महिन्याभरात मिळाले. दुसऱ्याला नऊ वर्षे लागली, आणि ते संसदेने दिले नाही, न्यायालयाने दिले.

या प्रकरणात विकणारा देश त्या वेळी ख्रिस्ती बहुसंख्येचा होता आणि घेणारा देश जगात सर्वांत जास्त मुसलमान असलेल्या देशांपैकी एक. मधल्या साखळीत गुरे पाळणारे, ट्रकवाले, जहाजवाले, दलाल, कसाई आणि मटणबाजारातील दुकानदार अशा हजारोंची रोजी होती. आपल्याकडे गुरांचा, मांसाचा किंवा चामड्याचा धंदा करणाऱ्या बांधवांनी या प्रकरणाचा हिशेब नीट समजून घ्यावा, म्हणून तो येथे मांडत आहोत.

धंदा कसा चालत असे

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, म्हणजे नॉर्दर्न टेरिटरी, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा किंबर्ली हा भाग आणि उत्तर क्वीन्सलंड येथे, गुरांची प्रचंड कुरणे आहेत. पाळली जाणारी गुरे बहुतेक ब्राह्मन जातीची. ही जात अमेरिकेत तयार झाली, पण तिचे मूळ आपल्या ओंगोल, गीर, कांकरेज अशा वशिंडाच्या गुरांत आहे. ऊन आणि गोचीड सहन करणारे हे जनावर तेथील हवेला मानवले.

या भागात पावसाळ्यात रस्ते बंद होतात. म्हणून गुरे गोळा करणे, वजन करणे, ट्रकने बंदरावर नेणे ही सारी कामे एप्रिल-मे पासून पुढच्या कोरड्या महिन्यांत उरकावी लागतात. डार्विन, ब्रूम, विंडम या बंदरांतून जहाजे निघतात आणि डार्विनहून चार-पाच दिवसांत जावा बेटावर पोचतात. तेथे गुरांना सुमारे तीन महिने वाड्यांत बांधून खुराक देतात आणि वजन वाढले की कत्तलखान्यात पाठवतात. जकार्ता आणि आसपासच्या शहरांत विकले जाणारे ताजे मांस, तसेच बाक्सो म्हणजे मांसाच्या गोळ्यांचे सूप विकणाऱ्या गाड्यांचा कच्चा माल बऱ्याच अंशी याच वाटेने येतो.

इंडोनेशियाची एक अट मोलाची होती. ३५० किलोपेक्षा जास्त वजनाचे जनावर त्या देशात उतरू दिले जात नसे. वजन वाढवण्याचे काम आणि त्यातला रोजगार आपल्या देशातच राहावा, हा त्यामागचा हेतू. २०१० पासून ही अट कडकपणे पाळली जाऊ लागली. परिणामी ऑस्ट्रेलियातील मालकाला जनावर ठरावीक वजनाचे असतानाच विकावे लागे. महिना-दोन महिने गेले आणि जनावर ३५० किलोच्या वर गेले की तो गिऱ्हाईक हातचा गेला.

कापडाचा गठ्ठा गोदामात पडून राहिला तर व्याज चढते. जनावर पडून राहिले तर ते रोज चारा खाते, पाणी पिते आणि वजन वाढवून स्वतःचा बाजार घालवते. त्यातच नॉर्दर्न टेरिटरी आणि किंबर्लीत त्या वेळी मोठा कत्तलखानाच नव्हता. दुसऱ्या बाजारात न्यायचे तर हजारो किलोमीटर दूर क्वीन्सलंडकडे किंवा दक्षिणेकडे न्यावे लागणार आणि ट्रकचे भाडेच नफा खाऊन टाकणार.

२०१० मध्ये सुमारे ५ लाख २१ हजार गुरे ऑस्ट्रेलियातून इंडोनेशियाला गेली. ऑस्ट्रेलियाच्या एकूण जिवंत गुरांच्या निर्यातीत इंडोनेशियाचा वाटा सुमारे ६० टक्के होता. एवढा मोठा धंदा एका गिऱ्हाइकावर उभा होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

चित्रफीत आणि आदेश

३० मे २०११ च्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या सरकारी दूरचित्रवाणीवर, एबीसीवर, 'फोर कॉर्नर्स' या कार्यक्रमात इंडोनेशियातील काही कत्तलखान्यांची दृश्ये दाखवण्यात आली. अॅनिमल्स ऑस्ट्रेलिया या संस्थेच्या लिन व्हाइट यांनी ती त्याच वर्षी मार्चमध्ये टिपली होती. जनावरांना मारहाण, शेपट्या पिळणे, बोथट सुऱ्यांनी पुन्हा पुन्हा वार, असे प्रकार त्यांत होते. त्याहून लाजिरवाणी बाब म्हणजे तेथील अनेक कत्तलखान्यांत 'मार्क वन' नावाचे लोखंडी पिंजरे ऑस्ट्रेलियाच्याच उद्योगाच्या मदतीने बसवलेले होते. त्या पिंजऱ्यातून बाहेर येताना पायाला दोर बांधलेले जनावर सिमेंटच्या उतारावर धाडकन आडवे पडत असे. माल विकणाऱ्या देशाचे पैसे त्या पिंजऱ्यात गुंतले होते. त्यामुळे 'ते परदेशात काय करतात ते आम्हाला माहीत नाही' असे म्हणण्याची सोय उरली नाही.

लोकांत संताप उसळला. थोड्याच दिवसांत बंदीच्या मागणीच्या अर्जावर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. सत्ताधारी लेबर पक्षातील खासदारांचे दूरध्वनी आणि टपाल भरून गेले. लुडविग यांनी प्रथम २ जूनला दृश्यांत दिसलेल्या कत्तलखान्यांपुरती बंदी घातली. हा आदेश नेमका होता. जेथे दोष दिसला तेथे माल जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. पण दबाव कमी झाला नाही. पाच दिवसांनी दुसरा आदेश निघाला. त्यात इंडोनेशियाकडे जाणारी सारी गुरे सहा महिन्यांपर्यंत रोखण्याची तरतूद होती.

पुढचा सारा वाद या दोन आदेशांतील फरकाचा आहे. इंडोनेशियातील सर्वच कत्तलखाने सारखे नव्हते. काही निर्यातदारांची साखळी बंदिस्त होती. आपले जनावर कोणत्या वाड्यात गेले, कोणत्या कत्तलखान्यात कापले गेले, हे त्यांना ठाऊक होते आणि तेथे चांगली साधने होती. दुसऱ्या आदेशाने त्यांनाही वगळले नाही. चांगला माल योग्य ठिकाणी पोचवतो हे सिद्ध करून परवानगी मागण्याची वाटच आदेशात ठेवली नव्हती.

संसदेत काय विचारले गेले

ऑस्ट्रेलियाच्या संसदेत दोन सभागृहे आहेत. लुडविग हे क्वीन्सलंडमधून निवडून आलेले सिनेटर असल्याने त्यांना वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, उत्तरे द्यावी लागली. कनिष्ठ सभागृहात पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांच्यावर प्रश्नांचा मारा होता.

तेथील प्रश्नोत्तराच्या तासाची रीत आपल्या लोकसभेहून वेगळी आहे. आपल्याकडे तारांकित प्रश्नाची लेखी सूचना आधी द्यावी लागते, खाते उत्तर तयार करते आणि मंत्री ते वाचतो. तेथे प्रश्न सूचनेशिवाय येतो. मंत्र्याला जागेवर उभे राहून, घड्याळ चालू असताना उत्तर द्यावे लागते आणि लागोपाठ पूरक प्रश्न येतात. सिनेटमध्ये प्रश्नोत्तरे संपल्यावर त्या उत्तरांवरच चर्चा करण्यासाठी वेगळा वेळ असतो. त्याखेरीज समितीच्या बैठकांत खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून खर्चाची आणि कामाची तासन् तास विचारपूस होते. मंत्री एखादे वाक्य बोलून सुटला तरी खात्याचे सचिव आणि अधिकारी समितीपुढे सुटत नाहीत.

जूनच्या बैठकांत लुडविग यांच्यावर दोन बाजूंनी प्रश्न आले. एका बाजूला ग्रीन पक्ष आणि निक झेनोफन यांच्यासारखे अपक्ष सिनेटर. त्यांचे म्हणणे असे की हे प्रकार नवे नाहीत. उद्योगाच्या स्वतःच्या अहवालांत इंडोनेशियातील दोषांची नोंद आधीपासून आहे, मग दूरचित्रवाणीवर दिसेपर्यंत सरकार गप्प का बसले? मंत्र्यांना कधी कळले, आणि कळल्यावर त्यांनी काय केले? दुसऱ्या बाजूला लिबरल आणि नॅशनल पक्ष. नॅशनल पक्षाचे सिनेटमधील नेते बार्नबी जॉइस हे गुरेवाल्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांत पुढे होते. या बाजूचे म्हणणे, दोषी कत्तलखाने बंद करा, पण ज्यांची साखळी स्वच्छ आहे त्यांना का रोखता? बंदरावर जमलेल्या गुरांचे काय? बँकेचा हप्ता कोण भरणार? इंडोनेशियाच्या सरकारला आधी विश्वासात का घेतले नाही?

मंत्र्यांचे उत्तर थोडक्यात असे. मी उद्योगाला सुधारणा करण्यास आधीच सांगितले होते, उद्योगाने पुरेसे काही केले नाही, म्हणून साखळीची खात्री होईपर्यंत व्यापार स्थगित ठेवला आहे. ही कायमची बंदी नव्हे.

दोन्ही बाजूंचे प्रश्न ऐकणाऱ्याला एक गोष्ट दिसते. 'कधी कळले' या प्रश्नाचे उत्तर जितके अडचणीचे, तितकीच 'सगळ्यांना का' या प्रश्नाचे उत्तर देणे कठीण. पहिल्या प्रश्नाने मंत्री हळू चालले असा आरोप होतो, दुसऱ्याने ते बेफाम धावले असा. आधी दुर्लक्ष आणि मग घाई, हा सरकारी कारभाराचा जुना रोग आहे.

गुरेवाल्यांनी आणखी एक प्रश्न उचलला, तो त्यांच्या स्वतःच्या संस्थेविषयी. ऑस्ट्रेलियात प्रत्येक जनावराच्या विक्रीवर ५ डॉलर पट्टी कापली जात असे आणि तिच्यातील मोठा भाग मीट अँड लाइव्हस्टॉक ऑस्ट्रेलिया या उद्योगसंस्थेकडे जात असे. आम्ही वर्षानुवर्षे पैसे भरले, मग आमच्या नावाने इंडोनेशियात 'मार्क वन' पिंजरे कोणी बसवले आणि कोणी तपासले? हा सवाल मंत्र्यांना विचारण्याआधी संस्थेच्या सभेत विचारायला हवा होता. तो तेथे वेळेवर झाला नाही, म्हणून दूरचित्रवाणीवर झाला.

गिलार्ड यांचे सरकार काठावरच्या बहुमताचे होते. ते अपक्ष आणि ग्रीन पक्षाच्या एका सदस्याच्या आधारावर उभे होते. अपक्ष अँड्र्यू विल्की आणि ग्रीन पक्षाचे अॅडम बँट यांनी जिवंत जनावरांच्या निर्यातीविरुद्ध विधेयके आणली. ऑगस्ट २०११ मध्ये ती कनिष्ठ सभागृहात मताला आली तेव्हा दोन्ही मोठ्या पक्षांनी विरोधात मते दिली आणि ती पडली. धंदा बंद करायचा नाही हे संसदेने स्पष्ट केले. तोपर्यंत ज्यांचे नुकसान व्हायचे ते होऊन गेले होते.

महिन्यानंतर

६ जुलै २०११ रोजी बंदी उठली. पण धंदा पूर्वीसारखा राहिला नाही. निर्यातदाराला आता परवान्याआधी सारी साखळी दाखवावी लागणार होती. या पद्धतीला चार खांब आहेत. जनावरांच्या वागणुकीचे आंतरराष्ट्रीय मानक पाळणे, बंदरापासून सुरीपर्यंत जनावरावर निर्यातदाराचे नियंत्रण असणे, कानातील बिल्ल्यावरून प्रत्येक जनावराचा माग काढता येणे, आणि बाहेरच्या तपासनिसाकडून तपासणी. इंडोनेशियापासून सुरुवात करून २०१२ अखेरपर्यंत ही पद्धत ऑस्ट्रेलियाचे गुरे-मेंढ्या घेणाऱ्या इतर देशांनाही लागू करण्यात आली.

२०१३ मध्ये सरकार बदलले आणि सिनेटमध्ये प्रश्न विचारणारे बार्नबी जॉइस स्वतः कृषिमंत्री झाले. त्यांनी नव्या बाजारपेठा उघडल्या, पण साखळी दाखवण्याची अट काढून टाकली नाही. विरोधी बाकावरून ज्याच्यावर टीका होते ते मंत्रिपदावर बसल्यावर सोयीचे वाटते, असे कोणी म्हणेल. खरे कारण साधे आहे. पुन्हा एखादी चित्रफीत आली तर एका कत्तलखान्यापुरते पाऊल उचलता यावे, सारा धंदा बंद करावा लागू नये, यासाठी ती अटच उपयोगी पडत होती. धंदेवाल्यांना जो कागदी जाच वाटला होता, तोच त्यांचा विमा ठरला.

इंडोनेशियाची बाजू

जकार्तामध्ये बंदीची बातमी अपमानासारखी पोचली. रमजान ऑगस्टच्या सुरुवातीला येणार होता आणि ईदच्या आधी मांसाची मागणी वर्षात सर्वांत जास्त असते. वाड्यांत आधीच बांधलेली गुरे असल्याने बाजार लगेच रिकामा झाला नाही. पण जो देश आपल्या ताटातले अन्न एका सहीने रोखू शकतो, त्याच्यावर किती विसंबायचे, हा विचार तेथे पक्का झाला. २०१४ पर्यंत मांसात स्वयंपूर्ण होण्याचे धोरण इंडोनेशियाने आधीच ठरवले होते. २०१२ साठी जिवंत गुरांच्या आयातीचा कोटा २ लाख ८३ हजारांवर आणला गेला. २०११ मध्ये तो ५ लाख होता.

स्वयंपूर्णतेचा हेतू चांगला. पण देशातील गुरे मागणीला पुरली नाहीत. जकार्तात मांसाचा भाव २०१३ मध्ये किलोला १ लाख रुपियाच्या आसपास गेला. जेथे कोटा तेथे वशिला, हा नियम तेथेही खरा ठरला. गोमांस आयातीच्या कोट्यासाठी लाच घेतल्याच्या प्रकरणात पीकेएस या इस्लामी पक्षाचे अध्यक्ष लुत्फी हसन इशाक यांना जानेवारी २०१३ मध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १६ वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. कृषी खाते त्या वेळी याच पक्षाच्या मंत्र्यांकडे होते. धर्माचे नाव लावल्याने लाचेचा पैसा हलाल होत नाही, हे त्या देशातील मुसलमानांच्याच तपास यंत्रणेने आणि न्यायालयाने दाखवले.

पुढे आयात मोकळी करावी लागली आणि २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातून सात लाखांहून जास्त गुरे इंडोनेशियात उतरली. तरी एकाच दुकानदारावर अवलंबून राहायचे नाही, हा धडा इंडोनेशियाने सोडला नाही. लाळ-खुरकूत रोगाच्या भीतीने त्याने पूर्वी भारताचा माल घेतला नव्हता. कायदा बदलून २०१६ पासून भारतातील गोठवलेले म्हशीचे मांस सरकारी संस्थेमार्फत आणण्यास सुरुवात झाली, आणि ते तेथील गरीब गिऱ्हाइकाला स्वस्तात मिळू लागले. डार्विनला बंद झालेल्या दाराचा एक पडसाद असा आपल्या म्हशीच्या मांसाच्या व्यापारापर्यंत आला.

हलालवर आलेला आळ

त्या दिवसांत ऑस्ट्रेलियात काहींनी सारा दोष हलाल पद्धतीवर टाकला. हे चुकीचे होते. ऑस्ट्रेलियातील निर्यातीच्या कित्येक मोठ्या कत्तलखान्यांत मुसलमान कारागीर हलाल जबीहा करतात आणि त्यासाठी जनावराला जिवंत ठेवणारी, तात्पुरती बेशुद्धी देतात. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनेही अशा बेशुद्धीला अटींसह मान्यता दिलेली होती. सुरी धारदार असावी, जनावराला त्रास कमीत कमी व्हावा, एका जनावरासमोर दुसरे कापू नये, ही शिकवण आपल्या घरातील लहान मुलांनाही माहीत असते.

चित्रफितीत जे दिसले ते या शिकवणीचे पालन नव्हते, उल्लंघन होते. बोथट सुरी, अप्रशिक्षित माणूस, अंधारी जागा आणि रात्रीत संपवायची घाई, ही त्याची कारणे. पण बाहेरच्या जगाला उल्लंघन आणि पालन यांतील फरक आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. जो कसाई आपली सुरी, आपली जागा आणि आपले कसब उघड्या दाराने दाखवू शकतो, त्याला वकील करावा लागत नाही. दार बंद ठेवणाऱ्याच्या वतीने दुसरेच कोणी चित्र काढून नेतात.

न्यायालयाचा निकाल

नुकसानभरपाईचा प्रश्न राहिला होता. २०११ मध्येच सरकारने मदतीसाठी सुमारे ३ कोटी डॉलरची योजना जाहीर केली. ज्यांचा वर्षाचा हंगाम गेला त्यांना ती अपुरी होती. २०१४ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीतील ब्रेट कॅटल कंपनी या कुटुंबाच्या कंपनीने सर्वांच्या वतीने केंद्रीय न्यायालयात दावा लावला. त्यात गुरेवाले, निर्यातदार, वाहतूकदार असे अनेक जण सामील होते.

२ जून २०२० रोजी न्यायमूर्ती स्टीव्हन रॅरेस यांनी निकाल दिला. पहिला, नेमक्या कत्तलखान्यांपुरता आदेश त्यांनी दोषी ठरवला नाही. दुसरा, सरसकट बंदीचा आदेश मात्र बेकायदा ठरवला. ज्यांची साखळी योग्य आहे त्यांना अपवादाची सोय ठेवली नाही, हे त्याचे मुख्य कारण. अशी सोय नसेल तर आदेश कायद्यात टिकणार नाही, याची शक्यता मंत्र्यांना दिसत असतानाही त्यांनी तिकडे डोळेझाक केली, म्हणून त्यांच्याकडून अधिकाराचा गैरवापर झाला, असे न्यायालयाने म्हटले. एका मंत्र्याच्या कारभाराविषयी असा निष्कर्ष निघणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. ब्रेट कंपनीला सुमारे २९ लाख डॉलर भरपाई मंजूर झाली. त्या वेळच्या सरकारने अपील केले नाही.

बाकीच्या दावेदारांचा हिशेब मात्र लांबला. २०२२ च्या अखेरीस सरकारने सर्वांसाठी मिळून २१ कोटी ५० लाख डॉलर देऊ केले. दावेदारांची मागणी ५१ कोटींच्या घरातील होती. बंदी नसती तर पुढच्या वर्षी किती गुरे गेली असती, यावर घासाघीस होत राहिली. तोपर्यंत काहींनी जमीन विकली होती, काहींचे वडीलधारे निकाल न पाहताच गेले होते.

आपल्या दृष्टीने

असे प्रसंग आपल्याकडेही येऊन गेले आहेत. २३ मे २०१७ रोजी केंद्र सरकारने पशुबाजारासंबंधी नियम काढले आणि बाजारात कत्तलीसाठी जनावर विकण्यास मनाई केली. यात म्हशीही आल्या. आठवडी बाजारातील हेडी, शेतकरी, कुरेशी बिरादरी आणि चामड्याचे कारखाने, सारे एका फटक्यात अडकले. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने स्थगिती दिली. ऑल इंडिया जमियतुल कुरेश अॅक्शन कमिटी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. नियमांचा फेरविचार करू असे सरकारने सांगितले आणि ११ जुलै २०१७ रोजी ती स्थगिती सर्व देशाला लागू झाली. पुढच्याच वर्षी, जून २०१८ मध्ये, नागपूर विमानतळावरून शेळ्या-मेंढ्या शारजाला पाठवण्याचा ठरलेला कार्यक्रम विरोधामुळे ऐन वेळी थांबला. दोन्ही वेळा माल तयार होता आणि हुकूम किंवा विरोध नंतर आला.

ऑस्ट्रेलियाच्या प्रकरणातून आपल्या व्यापारी बांधवांनी काय घ्यावे? आपल्या खासदाराकडे किंवा आमदाराकडे जाताना 'आमच्यावर अन्याय झाला' एवढे म्हणून भागत नाही. किती जनावरे, किती दिवस, किती माणसे, किती रुपये, आणि आदेशात आमच्यासाठी कोणती सोय हवी होती, हे एका कागदावर नेमके लिहून द्यावे. अशा कागदावरून विचारलेला प्रश्न मंत्र्याला टाळता येत नाही, आणि दिलेले उत्तर छापील कामकाजात कायमचे राहते. मात्र प्रश्नाने नुकसान भरून निघत नाही. त्यासाठी न्यायालयात पावत्या, वजनाची नोंद, वाहतुकीचे दाखले आणि बँकेचा हिशेब लागतो. ज्यांच्या वह्या नीट आहेत तेच दावा टिकवू शकतात. तोंडी सौद्यावर आणि चिठ्ठीवर चालणाऱ्या धंद्याला नुकसान होते, पण ते सिद्ध करता येत नाही.

त्याहून आधीचे काम म्हणजे आपला माल शेवटी कोठे जातो, त्याचे काय होते, यावर नजर ठेवणे. दोष दिसला तर संघटनेच्या सभेत उघड बोलणे. ऑस्ट्रेलियाच्या गुरेवाल्यांना हे महाग पडून कळले.

सरकारनेही काही शिकावे. त्याच ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये समुद्रमार्गे जिवंत मेंढ्या पाठवण्यावर बंदीचा कायदा केला. मेंढपाळांचा त्याला कडवा विरोध झाला, आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. पण या वेळी कायदा संसदेत मंजूर झाला, बंदीची तारीख १ मे २०२८ अशी चार वर्षे आधी सांगितली गेली आणि धंदा बदलण्यासाठी १० कोटी डॉलरहून जास्त मदत ठरली. निर्णय पटो न पटो, मेंढपाळाला किती मेंढ्या ठेवायच्या, कर्ज घ्यायचे की फेडायचे, मुलाला या धंद्यात आणायचे की नाही, हे ठरवायला वेळ मिळाला. जून २०११ मध्ये डार्विनच्या बंदरावर गुरे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हा वेळ मिळाला नव्हता. कोणत्याही सरकारकडे व्यापाऱ्याने निदान एवढे तरी मागावे.